सोशल अँग्झायटीसाठी ऑनलाइन थेरपी: त्यात नेमकं काय असलं की उपयोग होतो?

मागचा_बाक:
नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, आणि तोसुद्धा लिहून-खोडून लिहून-खोडून, त्यामुळे विषय वेगळा सांगायला नको :)

चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी बोबडी वळते. मीटिंगमध्ये एकेकाने ओळख करून द्यायची वेळ आली की माझ्या आधीचे लोक काय बोलले ते मला ऐकूच येत नाही, कारण मी मनातल्या मनात माझं वाक्य घोकत असतो. अनोळखी माणसाला फोन करायचा असेल तर मेसेजवर भागतंय का ते आधी बघतो. आणि कुठे बोललोच तर रात्री अंथरुणात पडल्यावर तेच परत परत आठवतं, की आपण असं का बोललो, तो हसला तो नक्की कशाला हसला, वगैरे. शाळेपासून हे असंच आहे, पण आता नोकरीत जबाबदारी वाढतेय आणि टाळून टाळून किती टाळणार.

तर आता थेरपी घ्यायची हे नक्की केलंय, पण ऑनलाइनच, कारण कुणाच्या वेटिंग रूममध्ये जाऊन बसायचं ह्या विचारानेच पोटात गोळा येतो. पर्याय तीन दिसतायत. एक म्हणजे दर आठवड्याला थेरपिस्टबरोबर व्हिडिओ सेशन. दुसरा, वेबसाइटवर मॉड्यूल्स असतात ती आपण वाचायची, त्यातले व्यायाम करायचे आणि थेरपिस्ट मेसेजवर उत्तर देतो. तिसरा, नुसतं ॲप, ज्यात माणूस कुणीच नाही, रोज मूड नोंदवा, श्वास मोजा, इत्यादी.

माझी शंका अशी की भीती माणसांची, आणि ती घालवायची घरात एकट्याने स्क्रीनसमोर बसून, म्हणजे काठावर बसून पोहायला शिकण्यासारखंच झालं ना हे? का खरंच उपयोग होतो? आणि होत असेल तर त्यातल्या नेमक्या कुठल्या गोष्टीने होतो, म्हणजे घेताना काय बघून घ्यायचं? कुणी केलं असेल तर प्लीज सांगा. आणि हो, सगळं चॅटवरच चालेल असं काही मिळालं तर माझी पहिली पसंती त्यालाच आहे.


उंबरठा:
मी ह्याच क्षेत्रात काम करते, व्हिडिओवर सेशन्सही घेते, त्यामुळे प्रतिसाद जरा लांबेल, चालवून घ्या.

तुमची काठावरची शंका संशोधकांनाही होतीच. २००६ साली स्वीडनमध्ये गेरहार्ड अँडरसन, पेर कार्लब्रिंग वगैरे मंडळींनी इंटरनेटवरचा नऊ आठवड्यांचा सीबीटी (म्हणजे विचार आणि वागणं दोन्हींवर काम करणारी थेरपी) प्रोग्रॅम तपासला, तेव्हा त्यांनी मधे दोनदा लोकांना प्रत्यक्ष बोलावून गटात एक्सपोजरही, म्हणजे ज्याची भीती वाटते ते मुद्दाम करून बघणं, करून घेतलं होतं, नुसत्या वाचनाने होईल ह्यावर बहुतेक त्यांचाही भरवसा नसावा. पुढच्या वर्षी जी ट्रायल आली त्यात ह्या प्रत्यक्ष भेटी काढून टाकल्या आणि त्याजागी दर आठवड्याला एक छोटा फोन ठेवला, तरी लोकांना फायदा झालाच. नंतर विद्यार्थ्यांवर थेट तुलना केली, एका गटाला प्रत्यक्ष गट-एक्सपोजर जोडून, दुसऱ्याला न जोडता, तर दोघांत म्हणावा असा फरक पडला नाही. आता ह्यावरून एक्सपोजर लागतच नाही असा अर्थ कृपया काढू नका. लोक ते करतच होते, फक्त दवाखान्याच्या खोलीत न करता आपापल्या ऑफिसात, दुकानात, ओळखीच्या लोकांत करत होते. म्हणजे स्क्रीनवर नुसतं ठरवायचं आणि आढावा घ्यायचा, पाण्यात उतरायचं ते बाहेरच. ज्या ऑनलाइन थेरपीत सगळं स्क्रीनवर सुरू होऊन स्क्रीनवरच संपतं तिच्यापासून जरा लांब राहा.

तुम्ही जे वर्णन केलंय ना, घोकणं, ऐकू न येणं, रात्रीचं रवंथ, ते जवळजवळ पाठ्यपुस्तकातलं आहे (चांगल्या अर्थाने म्हणतेय). डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स ह्यांनी १९९५ मध्ये सोशल अँग्झायटीचं एक मॉडेल मांडलं, आज ज्या उपचारांना सगळ्यात भक्कम पुरावा आहे त्यातले बरेचसे त्यावरच उभे आहेत. त्यांचं म्हणणं साधारण असं की लोकांत गेलं की आपलं लक्ष समोरच्यावरून उठून स्वतःवर येतं. छाती धडधडतेय, चेहरा तापलाय, आवाज कापतोय, ह्या आतल्या संवेदनांवरून आपण बाहेरून कसे दिसत असू त्याचं एक चित्र मनात तयार करतो आणि ते चित्र खरंच आहे असं धरून चालतो. मग ते झाकायला काहीतरी युक्त्या करतो, वाक्य पाठ करून ठेवणं, नजर न मिळवणं, कप घट्ट धरणं, भराभर बोलून मोकळं होणं. ह्यांना सेफ्टी बिहेवियर्स म्हणतात. गंमत अशी आहे की ह्याच युक्त्यांमुळे लक्ष आणखी स्वतःवर जातं, समोरच्याला आपण तुटक वाटतो, आणि वेळ निभावून गेली तरी मन म्हणतं की बघ, वाक्य पाठ होतं म्हणून वाचलास. त्यामुळे वर्षानुवर्षं मीटिंगा करूनही भीती तशीच राहते. नुसतं लोकांत जाऊन भीती जात असती तर तुमची कधीच गेली असती.

म्हणून थेरपीत मला जे बघायचं असतं ते हे, की ती ह्या युक्त्यांना हात घालते का. आधी लिहायचं की मला काय होईल असं वाटतंय, उदा. 'मी मधे अडखळलो तर सगळे एकमेकांकडे बघतील'. मग मुद्दाम युक्ती सोडून, लक्ष बाहेर, म्हणजे समोरच्याच्या बोलण्यावर ठेवून ते करून बघायचं, आणि मग काय झालं ते परत लिहायचं. पुढची पायरी म्हणजे मुद्दामच अडखळायचं, किंवा वाक्याच्या मधे थांबून गप्प राहायचं आणि कोण काय करतं ते बघायचं. ज्यांना घामाची भीती असते ते शर्ट ओला करून जातात. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण 'घाम आला नाही म्हणून बरं गेलं' आणि 'घाम दिसत होता तरी कुणाला काही पडलेली नव्हती' ह्या दोन्हीत खूप फरक आहे, भीती जाते ती ह्यातल्या दुसऱ्या अनुभवाने.

ह्याच क्लार्कच्या टीमने स्वतःची थेरपी इंटरनेटवर आणली आणि २०२२ मध्ये तिची ट्रायल प्रसिद्ध केली. १०२ लोक, काहींना समोरासमोर, काहींना इंटरनेटवर, काही वेटिंग लिस्टवर. इंटरनेटवाल्यांची सुधारणा समोरासमोरच्या बरोबरीची, आणि थेरपिस्टचा एकूण वेळ एका माणसामागे साधारण साडेसहा तास, समोरासमोरला जवळजवळ सोळा. पण त्या साडेसहा तासांत काय होतं ते महत्त्वाचं आहे, दर आठवड्याला फोन होता, मधे मेसेज होते, आणि सगळ्यांना सगळी मॉड्यूल्स सरसकट नाही, तर ज्याची जी भीती त्याप्रमाणे थेरपिस्ट मॉड्यूल उघडून द्यायचा.

चॅटबद्दल तुम्ही जे म्हणालात त्यावर नंतर लिहिते, आत्ता सेशन आहे.


शंकेखोर:
संशोधन वगैरे ठीक आहे हो ताई, पण अनुभव सांगतो. मी ते तिसऱ्या प्रकारातलं घेतलं होतं, माणूस नाही, नुसती मॉड्यूल्स. पहिली दोन एकदम जोशात, माझंच वर्णन कुणी लिहून ठेवलंय असं वाटत होतं, मग तिसऱ्यात आलं की आता बाहेर जाऊन अमुक करा, आणि तिथे गाडी थांबली ती थांबलीच. रोज नोटिफिकेशन यायचं, 'तुमची आठवण येतेय', काय आठवण येतेय, प्रोग्रॅमला कसली आठवण. शेवटी नोटिफिकेशनच बंद केलं. टाळणं हाच ज्याचा आजार आहे त्याच्या हातात टाळता येईल असं औषध द्यायचं आणि मग म्हणायचं पेशंटने पूर्ण केलं नाही, हे मला पटत नाही.


दुपारची_झोप:
शंकेखोर, शंभर टक्के सहमत, आणि ह्याचा पुरावापण आहे. निकोलाय टिटॉव्ह यांनी ऑस्ट्रेलियात सोशल फोबियावर (सोशल अँग्झायटीचंच जुनं नाव) बरंच ऑनलाइन काम केलंय, २००८ च्या एका ट्रायलमध्ये त्यांनी तोच प्रोग्रॅम एका गटाला थेरपिस्टच्या मदतीसह दिला आणि एकाला एकट्याने करायला दिला. मदतवाल्यांतल्या ७७ टक्के लोकांनी सगळे धडे पूर्ण केले, एकट्यांतल्या ३३ टक्क्यांनी. धडे शब्दशः तेच.

मी स्वतः दुसऱ्या प्रकारातलं केलं, मॉड्यूल्स आणि मेसेजवर थेरपिस्ट. मागचा_बाक, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर सांगायचं तर, कोणीतरी वाचणार आहे हे माहीत असणं. बस. थेरपिस्टचे मेसेज काही फार लांबलचक किंवा ज्ञानाने ओथंबलेले नसायचे, पाच-सहा ओळी, पण त्यात माझ्याच लिखाणातली एखादी ओळ उचलून विचारलेलं असायचं. मी एकदा लिहिलं होतं 'दुकानदाराला प्रश्न विचारला, नीट झालं', तर उत्तर आलं की नीट झालं म्हणजे काय झालं, आत जायच्या आधी दाराबाहेर किती वेळ उभे होतात, आणि विचारताना त्याच्याकडे बघत होतात की मोबाइलकडे? पकडला ना! मोबाइलकडेच बघत होतो. मग पुढच्या वेळी मोबाइल खिशात ठेवून गेलो, आणि तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की दुकानदार माझ्याशी बोलताना अर्धं लक्ष दुसरीकडेच ठेवून असतो, माझ्या आवाजाचं परीक्षण करायला तो काही तिथे बसलेला नाही. असलं खोदून विचारणं ॲपने मला कधी केलं नसतं.

मला कंटाळा आला तो विचारांच्या तक्त्यांचा. विचार लिहा, पुरावा लिहा, विरुद्ध पुरावा लिहा, पर्यायी विचार लिहा, मी इतके सुंदर तक्ते भरायचो की विचारू नका, भीती जिथल्या तिथे. कागदावर मला आधीपासूनच माहीत होतं की जग काही माझ्याकडे बघत बसलेलं नाही. ते पोटाला कळायला बाहेर जावं लागलं.


निळी_शाई:
तक्त्यांना एवढं झोडपू नका हो, मला उपयोग झाला, पण ते बाहेर जायच्या आधी 'मला काय होईल असं वाटतंय' हे पक्कं लिहून ठेवायला. लिहिलं नाही तर मन नंतर हळूच गोलपोस्ट सरकवतं.

मी व्हिडिओवाली. माझ्या थेरपिस्टने जे केलं आणि ज्याने मला सगळ्यात जास्त फरक पडला ते म्हणजे व्हिडिओ फीडबॅक. सेशनमध्येच तिने एका अनोळखी व्यक्तीला कॉलवर घेतलं (आधी विचारून अर्थातच, तिच्याच ओळखीतल्या कुणीतरी) आणि मला तिच्याशी काही मिनिटं गप्पा मारायला लावल्या, रेकॉर्डिंग चालू. दोनदा. एकदा माझ्या सगळ्या युक्त्यांसकट, म्हणजे विषय आधी ठरवून, केस सारखे कानामागे, मान खाली, आणि एकदा सगळं सोडून, फक्त तिच्या बोलण्याकडे लक्ष. नंतर रेकॉर्डिंग लावायच्या आधी मला सांगायला लावलं की तुला काय दिसेल असं वाटतं, किती लाल दिसशील, आवाज किती कापेल, दहापैकी मार्क द्यायचे. मग डोळे मिटून ते मनातलं चित्र आणायचं, आणि मग बघायचं, पण कसं तर एखाद्या परक्या बाईला बघतोय तसं, जे दिसतंय आणि ऐकू येतंय तेवढंच, आतून कसं वाटत होतं ते मधे आणायचं नाही. मी लालेलाल दिसणार होते म्हणे. स्क्रीनवर एक बाई, जराशी थकलेली, बरी बोलतेय. आणि युक्त्यांवाल्या रेकॉर्डिंगमध्ये मी जास्त विचित्र दिसत होते, हा खरा धक्का होता, कारण इतकी वर्षं मी त्या युक्त्यांच्या जोरावरच तरले असं मला वाटत होतं.

आणि हे ऑनलाइनच जास्त सोपं आहे, एक बटण दाबलं की रेकॉर्डिंग, अनोळखी माणूस शोधायला कुठे जायला नको. त्यामुळे ऑनलाइन म्हणजे प्रत्यक्षाची स्वस्तातली आवृत्ती असं मी तरी म्हणणार नाही.


मागचा_बाक:
बाप रे, एवढे प्रतिसाद. सगळ्यांचे आभार. निळी_शाई, तुमचं वाचूनच मला घाम फुटला, रेकॉर्डिंग, तेही अनोळखी माणसाबरोबर!! चॅटवरच भागवता येत नाही का? म्हणजे मी लिहितो बरं, माझ्या मनातलं लिहून जास्त नीट सांगता येतं. आणि कॅमेऱ्यावर स्वतःचा चेहरा दिसत राहतो त्याने मला काहीच सुचत नाही, ऑफिसच्या कॉलवरपण मी कॅमेरा बंदच ठेवतो, नेटचं कारण सांगून.


उंबरठा:
परत आले. 'नेटचं कारण सांगून' हे वाक्य तुम्ही स्वतःच लिहिलंय बरं का :) वरती दुपारची_झोप यांना त्यांच्या थेरपिस्टने मोबाइलवरून पकडलं, तसंच आहे हे.

चॅट वाईट नाही. सुरुवात करायला तर फारच चांगलं, कितीतरी लोक जे कधीच कुणाच्या दारात आले नसते ते लिहून बोलायला लागतात, आणि वरच्या ट्रायल्समध्येही बराचसा संवाद लेखीच होता. प्रश्न एवढाच की चॅट हे दार आहे की लपायची जागा. लिहिलेलं पुन्हा वाचून, चार वेळा सुधारून, मग पाठवलं, तर बोलायच्या आधी वाक्य घोकण्याचीच ती दुसरी आवृत्ती झाली. तुम्ही धागाही खोडून-लिहून काढलात म्हणालात. चांगला थेरपिस्ट हे लक्षात घेऊन काही आठवड्यांनी म्हणेल की आता पुढचा मेसेज न वाचता पाठवा, चुका राहू देत. मग व्हॉइस नोट पाठवा, एकदाच रेकॉर्ड करून. मग फोन. मग कॅमेरा. ही शिडी जर कुणी तुमच्याबरोबर ठरवत असेल तर चॅटने खुशाल सुरू करा, कुणी सहा महिने नुसतं गोड गोड चॅट करत राहणार असेल तर नको.

स्वतःचा चेहरा दिसण्याबद्दल मात्र तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे. व्हिडिओ कॉलवर आरसा समोर ठेवून बोलायला लावतात आपल्याला, आणि ज्याचं लक्ष आधीच स्वतःवर अडकतं त्याला हे त्रासदायकच. उपाय सोपा, कॅमेरा चालू आणि सेल्फ-व्ह्यू बंद. बहुतेक सगळ्या कॉलिंग ॲप्समध्ये ती सोय असते, दुसऱ्यांना तुम्ही दिसता, तुम्हाला फक्त समोरचा. मी तर पहिल्याच सेशनला हे करून घेते. नंतर कधीतरी मुद्दाम उलटसुलट करून बघतो, दोन मिनिटं स्वतःकडे लक्ष, दोन मिनिटं माझ्याकडे, आणि कशात जास्त भीती वाटली, कशात संभाषण जास्त आठवतंय ते विचारते. लक्ष हलवणं ही शिकता येणारी गोष्ट आहे हे त्यातून लोकांना स्वतःलाच जाणवतं.

श्वासाच्या व्यायामांबद्दलही सांगून टाकते, ॲप्समध्ये ते भरपूर असतं. शांत वाटायला छान. पण मीटिंगमध्ये जायच्या आधी श्वास मोजल्याशिवाय जायचंच नाही असं झालं की ती अजून एक युक्ती झाली. सोशल अँग्झायटीत भीतीची लक्षणं दाबणं हा हेतूच नाही, ती असताना बोलता येतं हे कळणं हा आहे.

आणि एक, रेकॉर्डिंगची इतक्यात काळजी करू नका, त्याच्या आधी एक मऊ प्रयोग असतो, सर्व्हे. तुमची जी भीती असेल त्यावर चार-पाच प्रश्न बनवायचे, 'एखाद्याचा आवाज बोलताना कापला तर तुम्हाला त्याच्याबद्दल काय वाटतं?', 'तुमचा कधी कापलाय का?', आणि थेरपिस्ट ते ऑनलाइन फॉर्मवरून अनोळखी लोकांना नाव न सांगता पाठवतो. उत्तरं वाचताना लोक खरंच गप्प होतात.


शंकेखोर:
हे सर्व्हेचं आवडलं. पण मग एक सांगा, थेरपिस्ट एवढा लागतो तर सगळ्याच अभ्यासांत तसं दिसतं का? कारण मला कुठेतरी उलटही वाचल्याचं आठवतंय.


दुपारची_झोप:
हो, उलटही आहे. स्वित्झर्लंडमध्ये थॉमस बर्गर यांच्या २०११ च्या अभ्यासात एका गटाला काहीच मदत नाही, एकाला दर आठवड्याला ईमेलवर मदत, एकाला हवी तेवढी मागून, आणि तिन्ही गटांत साधारण सारखीच सुधारणा. पण तिथे सुरुवातीला प्रत्येकाची फोनवर नीट मुलाखत झाली होती, म्हणजे कोणीतरी माणूस एकदा तरी बोलला होता. टिटॉव्ह यांनीच नंतर एकट्याने करणाऱ्यांना आठवड्याला एक फोन जोडला, आणि तो फोन थेरपी देणाऱ्याचा नव्हता, नुसता 'कसं चाललंय, धडा झाला का' असा, तर तेवढ्यानेही जास्त लोक शेवटपर्यंत गेले. त्यामुळे मोठी डिग्रीवाला माणूसच हवा असं नाही, मला वाटतं कुणीतरी वाट बघतंय आणि पुढची तारीख ठरलेली आहे एवढं पण पुरतं बऱ्याच जणांना.


उंबरठा:
ह्यात भर घालते. स्वीडनच्याच २०१२ च्या एका अभ्यासात अनुभवी थेरपिस्ट आणि नवखे ह्यांच्या पेशंट्सच्या निकालात फरक आला नाही, अनुभवी लोकांना फक्त वेळ कमी लागला. आमच्या धंद्याला हे ऐकायला बरं वाटत नाही :) पण लक्षात घ्या, तिथे प्रोग्रॅम आधीच चांगला बांधलेला होता, नवखा माणूस वाट चुकणार नाही असा. व्हिडिओवर मोकळी सेशन्स घेताना तसा आधार नसतो, तिथे थेरपिस्टला हे मॉडेल येतं का, ते महत्त्वाचं ठरतं. चाळिसेक मिनिटं 'ह्या आठवड्यात कसं वाटलं' असं प्रेमाने बोलून बंद होणारी सेशन्स मी खूप ऐकलीयेत पेशंट्सकडून. त्यांना बरं वाटत असतं आणि टाळणं तसंच चालू असतं.


गोष्ट_संपली_का:
धाग्यात उशिरा येतेय. कुणी लिहिलं नाही म्हणून दोन गोष्टी.

एक, स्क्रीनवर चेहरे दाखवून 'हसऱ्या चेहऱ्यावर टॅप करा' असं लक्ष वळवायला शिकवणारे खेळ बऱ्याच ॲप्समध्ये असतात, त्यावर इंटरनेटवर नीट ट्रायल्स झाल्यात आणि सोशल अँग्झायटीत ते खोट्या, म्हणजे काहीच न शिकवणाऱ्या आवृत्तीपेक्षा सरस ठरले नाहीत. उंबरठाताई म्हणतायत ते लक्ष बाहेर नेणं वेगळं, ते खऱ्या संभाषणात करायचं असतं. त्यामुळे ॲपमध्ये नुसतं हेच असेल तर वेळ घालवू नका.

दोन, रात्रीचं रवंथ. माझा सगळ्यात मोठा त्रास तो होता आणि माझ्या पहिल्या ऑनलाइन कोर्समध्ये त्यावर अक्षर नव्हतं. दिवसा प्रयोग छान व्हायचा आणि रात्री मी त्याचीच चिरफाड करून नापास करायचे, की सकाळी उरलेलं काहीच नाही. दुसऱ्या ठिकाणी शिकवलं की प्रयोग झाल्या झाल्या, पाच मिनिटांच्या आत, जे घडलं ते लिहून टाकायचं, समोरचा काय म्हणाला, काय केलं, फक्त तेवढंच. रात्री सुरू झालं की नवीन पुरावा काही येत नाहीये, तेच तेच परत भाजतोय हे ओळखायचं आणि त्यात उतरायचं नाही. फोनवरच लिहायचं असल्यामुळे ते लगेच होतं, इथे ऑनलाइनचा फायदा आहे खरा. त्यामुळे मागचा_बाक, तुम्ही जे अंथरुणातलं लिहिलंय त्यावर तुमच्या प्रोग्रॅममध्ये काय आहे हे नक्की विचारा.


निळी_शाई:
+१. आणि जुन्या आठवणींवर काम आहे का तेही. माझं ते मनातलं चित्र शाळेतल्या एका प्रसंगातून आलेलं होतं, वर्ग हसला होता, आणि मी अजून लोकांसमोर उभी राहिले की त्याच वयाची असायचे. सगळ्यांना लागत नाही हे, पण मला लागलं.


उंबरठा:
हो, सोशल अँग्झायटी बहुतेकांना शाळेच्या वयातच, साधारण तेराव्या वर्षाच्या आसपास सुरू होते, त्यामुळे असं जुनं चित्र सापडणं आश्चर्याचं नाही.

मागचा_बाक, आता थेट तुमच्यासाठी. पहिल्या कॉलला, किंवा मेसेजमध्येच, विचारा की सोशल अँग्झायटीसाठी तुम्ही कुठली पद्धत वापरता आणि सेशनच्या बाहेर मला काय करावं लागेल. उत्तरात प्रयोग, सेफ्टी बिहेवियर्स, लक्ष बाहेर नेणं ह्यातलं काही आलं तर छान. 'आपण बोलू, मोकळे व्हाल' एवढंच आलं तर पुढचं नाव बघा. मी एखादं आठवड्याचं काम केलं नाही तर तुम्ही काय करता, हेही विचारा, ह्या प्रश्नाने बरंच कळतं. आणि सुधारणा मोजता कशी? त्यासाठी साध्या प्रश्नावल्या असतात, स्पिन नावाची १७ प्रश्नांची, लिबोवित्झची २४ प्रसंगांची, आणि ऑनलाइनमध्ये त्या दर आठवड्याला भरून घेणं अगदी सोपं आहे. आकडा हलतच नसेल तर थेरपिस्टने स्वतःहून विषय काढायला हवा, तुम्ही नाही.

कुणासाठी ऑनलाइन पुरेसं नाही तेही सांगते. खूप खोल उदासी असेल, जगणं नकोसं वाटत असेल, बाहेर जायच्या आधी दारू लागतच असेल, तर आधी प्रत्यक्ष डॉक्टरांना भेटा, ऑनलाइन थेरपी त्याच्या जोडीला चालेल. औषधांचाही पर्याय असतो, एसएसआरआय गटातली औषधं (नैराश्यावरही देतात ती) सोशल अँग्झायटीत उपयोगी पडतात, पण ते मनोविकारतज्ज्ञांबरोबर ठरवायचं, धाग्यावर नाही.


मागचा_बाक:
एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं, मनापासून थँक्यू. उदासी वगैरे नाही, दारूही नाही, नुसतं टाळणं आहे.

दुसऱ्या प्रकारातलं, मॉड्यूल्स आणि थेरपिस्ट, असं एक बघून ठेवलं होतं, त्यांना आत्ताच तुमचे तिन्ही प्रश्न पाठवले. रवंथाचापण जोडला. आणि त्यांच्या फॉर्ममध्ये 'संपर्क कसा हवा' मध्ये चॅटच्या खाली 'आठवड्याला फोन' असा पर्याय होता, त्यावर टिक केली आहे. मेसेज परत वाचला नाही, त्यामुळे थेरपिस्टचं स्पेलिंग बहुतेक चुकलंय.


दुपारची_झोप:
चुकू दे. त्यांचं उत्तर काय येतं ते इथे टाका मात्र, विशेषतः काम न केल्यावर ते काय करतात ह्याचं.